डाव्या पिळाची दोरी

३ नोव्हेंबर

बोलायला कोणी नाही म्हणून लिहायला बसले आहे. मीरगुलची शाळेतली अर्धी कोरी वही सापडली. पुढच्या पानांवर तिची गणितं आहेत, त्यातली निम्मी चुकलेली. आज पोरगी बिश्केकला शिवणाच्या कारखान्यात काम करते आणि वसंतात तिचं लग्न आहे, म्हणजे गणितावाचून काही अडलं नाही म्हणायचं.

आजवर मला वही लागली नव्हती. मनात आलं की अंगण ओलांडायचं आणि उम्सुन एजेला सांगून मोकळं व्हायचं. ती माझी थोरली जाऊ, म्हणून 'एजे', म्हणजे ताई. दोघींचे नवरे गेले, माझी मुलगी शहरात, तिचा तालान्त पार रशियात. दोन घरं, मधे एक अंगण, एक नळ. तोंडावर मी तिला 'तुम्ही' म्हणते, पण या वहीत 'ती'च लिहिणार. सध्या तिची तेवढीच लायकी आहे.

झालं ते असं. लग्न होऊन आले तेव्हापासून दर हिवाळ्यात आम्ही दोघी मिळून जमिनीवर अंथरायचे लोकरी शिर्दाक करतो. लाल नमदा वर, काळा खाली, त्यावर खडूने मेंढ्याची शिंगं काढायची आणि एकाच सुरीने दोन्ही थर एकदम कापायचे. काळी शिंगं लालमध्ये बसतात, लाल शिंगं काळ्यात. एका कापणीत दोन शिर्दाक होतात, एक तिचा, एक माझा. यंदाचा माझा मीरगुलच्या लग्नाचा होता. उन्हाळाभर लोकर पिंजली, लाटून लाटून कोपरं सोलून निघाली, तेव्हा कुठे तसा नमदा झाला.

कापते नेहमी तीच. तिचा हात चांगला. पण परवा चौथ्या कोपऱ्यात सुरी खडूची रेघ सोडून भलतीकडेच गेली आणि शिंग मानेपाशी तुटलं. एकात तुटलं म्हणजे दोन्हींत तुटलं.

मी म्हटलं, "डोळे कुठे ठेवून आलात एजे?"

ती सुरी पुसत राहिली. ती गप्प बसली की माझं डोकं जास्त फिरतं. मी म्हटलं, "स्वतःला मुलगी नाही, म्हणून माझ्या मुलीचं आंदण बिघडवायचं होतं का?"

तशी ती उठली आणि भिंतीला हात लावत लावत निघून गेली. जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर नान ठेवलेलं होतं, त्याचा तुकडासुद्धा मोडला नाही. वैरीही आपल्या घरून जाताना नान चाखून जातो. मी बोलले ते जास्त झालं असेल. पण नमदा माझाही होता.

१० नोव्हेंबर

तिच्या वाटणीचे कापलेले तुकडे पोत्यात भरून तिच्या उंबऱ्यावर ठेवून आले. उगाच म्हणायला नको की सायराने ठेवून घेतले. पोतं दुपारपर्यंत तिथेच होतं. ती बाहेर आली आणि त्याला अडखळून पडता पडता वाचली. मग वाकली, पोतं चाचपलं, आत घेतलं.

मी नळावर होते. मनाचा मोठेपणा दाखवावा म्हणून हात वर केला. सरळ माझ्या दिशेने बघत होती. बघून न बघितल्यासारखं करून आत गेली आणि दार लावून घेतलं. ठीक आहे. हात माझाही पुन्हा वर व्हायचा नाही.

२३ नोव्हेंबर

आज तिने चुलीची राख माझ्या वाटेवर ओतली. तिची राखेची जागा गोठ्यामागे आहे, पन्नास वर्षं तिथेच आहे. राख कोणाच्या वाटेवर टाकायची म्हणजे त्या घराचं वाईट चिंतायचं, हे तिला मी सांगायला हवं का? सासूबाईंनी आम्हा दोघींना पहिल्याच आठवड्यात हेच शिकवलं होतं. झाडून टाकली. झाडताना रडू आलं. थंडीने डोळ्यांत पाणी आलं असंही म्हणता येईल, पण ते तसं नव्हतं.

दुकानात काकीन भेटली. ती दुकान चालवते आणि अख्खं गावही तीच चालवते. म्हणाली, "काय गं, तुझ्या जावेच्या एका पायात पांढरा मोजा, दुसऱ्यात तपकिरी. फॅशन आहे की काय?"

मी म्हटलं, "तिलाच विचार."

"विचारलं. म्हणाली, ऊब दोन्हींत सारखीच आहे."

आता ही बाई गावातली सगळ्यात नेटकी. तिच्या मोज्यांची वीण बघून बाकीच्या आपले मोजे उसवत. तीच अशी फिरते, म्हणजे जगाला दाखवायचं आहे की बघा, माझं कोणी नाही, धाकट्या जावेने टाकलं.

६ डिसेंबर

शिर्दाक शिवायला घेतला. तुटलेलं शिंग आतून टाके घालून जोडलं. लांबून कळत नाही, जवळून कळतं.

खरी अडचण निराळीच आहे. लाल आणि काळं जिथे मिळतं त्या सांध्यावर गोफ बसवतात. त्याला दोन धागे लागतात, एक उजव्या पिळाचा, एक डाव्या पिळाचा. दोन्ही शेजारी शेजारी शिवले की एकमेकांना धरून राहतात. उजवा माझ्या टकळीचा, डावा एजेचा, कारण ती डावरी. डावा पिळून बघितला. सवय नाही, सुटून सुटून गेला. मग हट्टाने दोन्ही उजवेच शिवले. वीतभर शिवलं आणि नमदा कडेने वर उचलला जायला लागला. उसवलं.

अशा वेळी एजे म्हणायची, "चहा टाक, नमद्यालाही जरा विसावा हवा." चहा टाकला. दोन पेले काढले गेले हातून. एक परत ठेवला.

२० डिसेंबर

थंडीने कळस केला आहे. नळाला गोवऱ्यांचा जाळ दाखवल्याशिवाय पाणी येत नाही.

एजेच्या खिडकीत दिवा नसतो हल्ली. वीज असते, माझ्याकडे असते म्हणजे तिच्याकडेही असणारच. अंधार पडला तरी ती खिडकी काळीच. लवकर झोपत असेल. नाहीतर मला तिचा दिवा दिसू नये म्हणून मुद्दाम. मला त्या दिव्याची सवय होती, हे तिला ठाऊक आहे. इकडे मी पडदा ओढायचे, तिकडे ती ओढायची, तेवढंच 'झोपा आता' म्हणून व्हायचं. आता मीही पडदा ओढत नाही, कोणासाठी ओढायचा?

२८ डिसेंबर

हद्द झाली. तिने अंगणात दोरी बांधली आहे.

तिच्या दारापासून नळापर्यंत, नळापासून तिच्या गोठ्यापर्यंत, कमरेएवढ्या उंचीवर, बकरीच्या केसांची, तिनेच वळलेली. डावा पीळ आहे, ओळखायला मला वेळ लागत नाही. म्हणजे अंगणाची वाटणी. इकडे तू, तिकडे मी. आमचे नवरे सख्खे भाऊ, त्यांनी जन्मात या अंगणात रेघ ओढली नाही, आणि हिने दोरी बांधली. माझा कोळशाचा ढीग पलीकडे राहिला. बादली घेऊन रोज वाकून जायचं, या वयात.

मीरगुलला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, काकूला विचार ना सरळ."

मी म्हटलं, "विचारेन. तू लहान आहेस, तुला नाही कळायचं."

९ जानेवारी

आज दोरी सोडली. कोळसा घेऊन येताना पाय घसरला, दोरी गळ्याशी आली, बादली सांडली. बर्फात बसून एक एक ढेकूळ वेचलं. मग उठले आणि नळापाशी जाऊन गाठ सोडली. घट्ट होती, दातांनी सोडावी लागली. दोरीची गुंडाळी करून तिच्या गोठ्याच्या खुंटीला अडकवली. चोरली असं कोणी म्हणायला नको. संध्याकाळपासून बर्फ पडतं आहे. मला बरं वाटायला हवं होतं, तेवढं वाटत नाही.

१० जानेवारी

जमेल तसं लिहिते.

सकाळी दूध तापायला ठेवलं तर एजेची गाय हंबरत होती. थांबेना. तिची धार कधी चुकत नाही. बाहेर आले. रातोरात गुडघाभर बर्फ पडलं होतं, सगळ्या वाटा बुजलेल्या. बघते तर एजे माझ्या कोळशाच्या ढिगापाशी ओणवी. शेजारी तिची धारेची बादली. मी मनात म्हटलं, आता सापडलीस. दोरी बांधून हद्द आखायची आणि कोळसा माझा न्यायचा.

दबक्या पावलांनी तिच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले. रंगेहाथ पकडायचं होतं मला. तिच्या एका पायात रबरी बूट नव्हता, नुसता मोजा, बर्फाने कडक झालेला. ती हातांनी ढीग चाचपत होती, मग भिंत, मग परत ढीग. मान वर केली. डोळे उघडे होते. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिला दिसत नव्हते.

"कोण आहे?" ती म्हणाली. "धाकटे, तू आहेस का? काहीतरी बोल."

मी तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला.

"दोरी सुटली वाटतं गं. गोठा कुठल्या बाजूला राहिला तेवढं सांग, गाय खोळंबली आहे."

राख, मोजे, दिवा, नळावरचा हात, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. मी तिला धरून घरात आणलं, पाय मांडीवर घेऊन चोळला. बोटं निळी पडली होती. हळूहळू लाल झाली. मी रडत होते. तिला दिसत नव्हतं याचं बरंही वाटलं आणि फार वाईटही वाटलं. मग जाऊन तिच्या गाईची धार काढली. गाय माझ्या हाताला ओळखते, तिने लाथ मारली नाही.

१२ जानेवारी

पाय वाचला. एजे दोन दिवस माझ्याकडेच आहे. आज नीट बोलणं झालं.

गेल्या हिवाळ्यापासून दिसणं कमी होत गेलं म्हणे. आधी कडा गेल्या, मग रंग. मी विचारलं, "मग कापायला कशाला बसलात?"

"तू म्हणालीस, एजे, तुमच्यासारखा हात कोणाचा नाही, तुम्हीच कापा. काय सांगू मग? उजेडात रेघ जराशी दिसत होती. चौथ्या कोपऱ्यापर्यंत ऊन उतरलं."

"मला सांगायचं होतंत."

"तुला सांगितलं की काकीनला कळणार. काकीनला कळलं की तालान्तला फोन. तो येईल आणि मला उचलून रशियात त्याच्या पाचव्या मजल्यावर नेऊन ठेवील. तिथे ना गाय, ना चूल, ना कोणाचा आवाज. इथे मी आंधळी नाही, धाकटे. इथलं सगळं माझ्या हाताला पाठ आहे. फक्त बर्फ पडलं की अंगण बदलतं, म्हणून दोरी."

मी खाली मान घालून बसले. तिला ते दिसलं नाही, तरी म्हणाली, "दोरी आपोआप सुटली नाही. ती माझी गाठ आहे."

"एजे..."

"झालं ते झालं. परत बांध म्हणजे पुरे. आणि तालान्तला सांगायचं नाही."

मी शब्द दिला. मग तिने हात पुढे केला, मी नान पुढे सरकवलं, तिने तुकडा मोडला.

२ फेब्रुवारी

एजे तिच्या घरी परतली. मी म्हटलं, इथेच राहा, तर म्हणाली, "माझी चूल विझवून येऊ?" दोरी मी पुन्हा बांधली, आणि दुसरी एक बांधली, तिच्या दारापासून माझ्या दारापर्यंत. ती रोज जेवणवेळी दोरी धरून येते. दारात आली की पाय आपटून बर्फ झटकते, तो आवाज ऐकू आला की मी चहा ओतते.

आज तिने एक करंडी आणली. आत डाव्या पिळाचे धाग्याचे गुंडे, करंडी भरून. भांडणाच्या दुसऱ्या दिवसापासून अंधारात बसून कातत होती. "याला डोळे लागत नाहीत," म्हणाली. "म्हटलं, उजवा नसला तरी डावा तयार असू दे." पांढरा आणि करडा मिसळून गेला होता तिच्याकडून. मी काही बोलले नाही, दोन्ही शिवले. आता गोफ जरा दुरंगी दिसतो. नमदा मात्र सपाट बसला, पाण्यासारखा.

२० फेब्रुवारी

मीरगुलचा शिर्दाक पुरा झाला. आता एजेचा घेतला आहे. मी शिवते, ती मागून बोट फिरवून टाका तपासते आणि नावं ठेवते. "हा टाका काय लग्नघाईत घातलास? उसव." आंधळी झाली तरी सासुरवास काही कमी नाही. मी हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

तिच्या शिर्दाकातलं तुटकं शिंग जोडायला गेले तर तिने माझा हात धरला. "ते राहू दे तसंच. बोटाला लागतं. त्यावरून कळतं मी कुठल्या कोपऱ्याशी आहे. घरी अंथरलास की ते शिंग दाराकडे कर." तसंच करणार आहे.

आता ती आली की दिवस सुरू होतो आणि गेली की संपतो. हे तिला सांगितलं नाही. चढून बसेल.

५ मार्च

मीरगुलचा फोन आला. लग्नाआधी दोन आठवडे बिश्केकला ये म्हणते, व्याही-विहिणी येणार, घर लावायचं, सगळं एकटीने कसं करणार ती. बरोबरच आहे. पण एजेचं काय? तिला म्हटलं, तुम्हीही चला. म्हणाली, "आणि गाय? तू जा. मी काय लहान आहे?"

काल रात्रीचं बर्फ दोरीवर साचून दोरी खाली लोंबली होती. दोन आठवडे रोज ती कोण झटकणार? काकीनला सांगता येत नाही, सांगितलं तर गावभर होणार. मला झोप लागत नाही.

८ मार्च

तालान्तला फोन केला. फक्त एवढंच म्हटलं की आईच्या डोळ्यांना थोडा त्रास आहे, मी लग्नाला चालले आहे, दोन आठवडे येऊन राहा. तो भला मुलगा आहे. लगेच म्हणाला, "काकू, बरं झालं सांगितलंत, मी येतो आणि सगळी व्यवस्था करतो." माझ्या मनावरचं ओझं उतरलं. शब्द मोडला खरा, पण दोन आठवड्यांचाच तर प्रश्न आहे. एजे रागावेल, मग विसरेल. तिला आज सांगायचं होतं, राहून गेलं.

२४ मार्च

तालान्त नोरूझच्या, नव्या वर्षाच्या सणाच्या दिवशी आला. मोठ्या कढईत गव्हाच्या मोडांचा सुमोलोक शिजत होता, एजे गाणं म्हणत ढवळत होती. तो दारात उभा राहून 'आई' म्हणाला आणि तिचा हात थांबला. तिने आधी त्याच्याकडे तोंड केलं नाही, माझ्याकडे केलं.

व्यवस्था त्याने खरंच सगळी केली. गाय काकीनला विकली. घराला कुलूप. नोवोसिबिर्स्कला मोठा डॉक्टर आहे, तो बघेल म्हणे. मी म्हटलं, "अरे, दोन आठवडे म्हटलं होतं मी." तो म्हणाला, "काकू, आणि त्यानंतर? पुढच्या हिवाळ्यात तिला काही झालं तर मी तोंड कुठे लपवू?" दहा जानेवारीची सकाळ मला ठाऊक होती, त्याला ठाऊक नव्हती.

निघताना ती माझ्या घरी आली. दोरी धरूनच आली, तालान्तचा हात तिने धरला नाही.

"तू सांगितलंस," म्हणाली.

"मला वाटलं दोनच आठवडे..."

"तो माझा मुलगा आहे. दोन आठवडे म्हटलं की त्याला कायमचं ऐकू येतं. तुला कळायला हवं होतं, धाकटे." मग म्हणाली, "मीही तुझ्या जागी असते तर झोपले नसते. जा, मीरगुलला माझे आशीर्वाद सांग."

नान चाखलं. शिर्दाक गाडीच्या डिकीत ठेवू दिला नाही, मांडीवर घेऊन बसली. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत होते. का हलवत होते कोण जाणे.

२१ एप्रिल

लग्न चांगलं झालं. विहिणबाईंनी शिर्दाक उलगडून बघितला, गोफाचे दोन रंग बघून म्हणाल्या, हे काहीतरी नवीन आहे. जोडलेलं शिंग कोणाच्या लक्षात आलं नाही. मीरगुल गाडीत बसली तेव्हा रडले, रीतीप्रमाणे. घरी आल्यावर रडले ते रीतीचं नव्हतं.

काल एजेचा फोन आला, तालान्तने लावून दिला. डॉक्टर म्हणाला, उशीर झाला. आवाज मात्र खणखणीत होता. "शिर्दाक अंथरलाय. शिंग दाराकडे आहे. पायाला लागलं की कळतं, दार इकडे." मी विचारलं, दाराबाहेर काय आहे? म्हणाली, "जिना आहे म्हणे. मी अजून गेले नाही." मग लग्नात कोण कोण आलं, कोण काय नेसलं, सगळं माझ्याकडून वदवून घेतलं. फोन ठेवताना म्हणाली, "गोफाला डावा धागा लागेल तेव्हा सांग, कातून पाठवीन." मी हो म्हटलं. पुढच्या हिवाळ्यात शिर्दाक कोणाबरोबर कापणार, हे तिने विचारलं नाही, मीही काढलं नाही.

आज पहाटेपासून अवेळी बर्फ पडलं. अंगण पांढरं, एकही पाऊल नाही. दोन्ही दोऱ्या अजून आहेत, सोडायला हात होत नाही. कोळसा आणायला म्हणून निघाले आणि काय वाटलं कोण जाणे, बादली खाली ठेवली, डोळे मिटले आणि माझ्या दारापासून दोरी धरून चालायला लागले. पाय रुतत होते. दोन्हीकडे काही नव्हतं, फक्त हातात तिचा डावा पीळ. तिला रोज असंच वाटत असणार. दोरी संपली, तेव्हा हात पुढे केला.

हाताला कुलूप लागलं.